मार खाताना तेवढा बरा

४ मे

पिपाणी,

तुझा फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर तू वाटेल तो आवाज काढू शकतोस, तुझं पोटच त्यावर चालतं. कागदावर तुला सोंग काढता येत नाही. म्हणून लिहून विचारते आणि मला लेखी उत्तर हवं आहे. काल थिएटरात उल्कावीराच्या तोंडून बोलत होता तो माणूस कोण?

पहिला भाग आला तेव्हापासून उल्कावीर आपल्या भाषेत बोलला तो तुझ्या गळ्यातून. पडद्यावरचं थोबाड त्या परदेशी नटाचं, आवाज माझ्या भाच्याचा. हे मी सगळ्या गल्लीला सांगितलंय, दूधवाल्याला सांगितलंय, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलंय. शेवटच्या भागाची आम्ही चौघी किती वर्षं वाट पाहत होतो तुला माहीत आहे. मध्ये हेडबाईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं तर त्या डॉक्टरला म्हणाल्या, "मला शेवटचा भाग बघायचाय, त्या हिशेबाने कापा." शिंपिणीने चौघींसाठी उल्कावीराच्या झग्याच्या रंगाचे मोरपंखी रुमाल शिवले. आमच्या वर्गातली दांडी, जी शाळेत असल्यापासून कुठेही वेळेवर आलेली नाही, ती काल अर्धा तास आधी येऊन दारात उभी होती.

आम्ही गळ्यात रुमाल बांधून मधल्या रांगेत बसलो. आजूबाजूची पोरं हसत होती. मी मागे वळून सांगितलं, "हसा. आत्ता जो बोलेल ना, तो माझ्या मांडीवर वाढलाय."

आणि तो बोलला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढला. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे, त्याचं बायकोशी भांडण झालंय की नाही हेसुद्धा ओळखायचे. पहिल्या शब्दाला कळलं की हा तू नाहीस. तेल घातलेल्या बिजागरीसारखा गुळगुळीत आवाज. शहर जळतंय आणि हा जणू अत्तर विकतोय! आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरने असल्या उच्चारांसाठी दिवसभर बाकावर उभं केलं असतं. मार खाताना तेवढा बरा वाटतो. भिंतीवर आपटतो, कण्हतो, धापा टाकतो, तेव्हा क्षणभर माणूस वाटतो. पुन्हा तोंड उघडलं की अत्तराचं दुकान सुरू.

शिंपीण माझ्या कानाशी लागली. "अगं, पोराला सर्दी झाली होती का?"

काय सांगू तिला? तूच सांग. घरी आलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझं डोकं त्याहून तापलेलं होतं. दांडीचा गुडघा धरला होता, ती मागून आली. मला लाज वाटली नाही, पिपाणी. मला राग आला. तुला माहीत होतं आणि तू मला रुमाल बांधून तिथे बसू दिलंस.

मावशी


९ मे

मावशी,

तू रागावणार हे माहीत होतं. इतकी रागावशील असं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

या वेळी कंपनीला नाव हवं होतं. पोस्टरवर टाकता येईल असं. त्यांनी आपल्याकडचा एक मोठा नट घेतला. तो आला, दुपारभरात सगळी वाक्यं म्हणून गेला, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचं काम ऐकलंय मी, छान असतं." मी 'थँक्यू सर' म्हटलं. आता तू म्हणशील, थँक्यू का म्हणालास. सवयीने म्हणालो.

बोलायला मला बंदी आहे, तसं लिहून दिलंय. या चित्रपटाबद्दल कुणाशी काही बोलायचं नाही, घरच्यांशीही नाही. इतकं सांगितलं हेच जास्त झालं. पहिल्या खेळाला जाऊ नकोस असं सांगायला दोनदा फोन हातात घेतला होता. पण तू इतकी खूश होतीस. रुमालाचा रंग कोणता तेही तू मला सांगितलंस.

एक विचारतो आणि त्याचं मात्र खरं उत्तर दे. शेवट कसा वाटला? बोगद्यातला, उल्कावीर जातो तो. बाकी सगळ्याला शिव्या घाल. तेवढं एक सांग. तुझ्या कानांवर माझा जितका विश्वास आहे तितका स्वतःच्या गळ्यावरही नाही.

पिपाणी


१३ मे

पिपाणी,

थँक्यू सर!

तुझ्या जागी मी असते तर त्याचा तो खांद्यावरचा हात उचलून त्याच्याच खिशात ठेवला असता. तुझं सगळं आयुष्य असंच चाललंय. शाळेत तुझी पेन्सिल कुणी घेतली तर तू त्याला खोडरबरही द्यायचास. तुझी आई गेली तेव्हा वाटलं, हळवा आहे, मोठा होईल तसा घट्ट होईल. मोठा झालास, दाढी आली, लग्न झालं, आणि कणा काही आला नाही.

आणि ती कंपनी! तीन भाग तुझ्या गळ्यावर उभे केले, पोरांनी शाळेच्या मैदानात तुझी वाक्यं म्हणून हातपाय मोडून घेतले, आणि शेवटी तुला चपलेसारखं दाराबाहेर ठेवलं. वर तोंडाला कुलूप. घरच्यांशीही बोलायचं नाही म्हणे! मी घरची आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मी टेलिफोन खात्याची आहे. मंत्र्यांची भांडणं ऐकून मी कधी कुठे बोलले नाही.

हेडबाई त्या नटाची बाजू घेतात. म्हणतात, त्याचाही काहीतरी अभ्यास असेल. त्यांच्याशी मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच येऊन बेल वाजवली, कारण त्यांना माझ्याकडून इसबगोल हवा होता.

शेवट विचारतोस. शेवट तर सगळ्यांत भिकार. त्या माणसाला जगता येत नाही तसं मरताही येत नाही. मी असल्या मरणाला डोळ्यांतून टिपूस काढला नाही. झालं समाधान?

आता त्या कंपनीला एक खरमरीत पत्र लिही. तुला जमत नसेल तर मी मजकूर सांगते.

मावशी


२० मे

मावशी,

तुझं पत्र मिळालं. खरं लिहिलंस, बरं झालं. बाकी सगळे गोड बोलतात.

गेल्या आठवड्यात स्टुडिओत निरोप ठेवला की यापुढे मला कामाला बोलावू नका. सासऱ्यांच्या फरशांच्या दुकानात बसायचं ठरवलंय. ते केव्हापासून मागे लागले आहेत. बायकोला आनंद झाला, निदान तसं ती म्हणते. इथे काम सरळ आहे. कुठली फरशी घसरते, कुठली नाही, एवढं गिऱ्हाइकाला सांगायचं.

इतकी वर्षं वाटायचं की माझ्यात काहीतरी आहे, नाव नसलं तरी ऐकणाऱ्याला ते कळतं. तुला जर कळलं नाही, तर ते नाहीच. यात रागावण्यासारखं काही नाही. मी रागावलेलो नाही.

कंपनीला पत्र लिहू नकोस. मी विनवतो.

पिपाणी


२७ मे

अगं बये,

तुझं पत्र मिळालं. लेकीकडे येऊन गुडघा शेकत पडले होते, तर तुझ्या शिव्यांनीच तो बरा व्हायला आला. पोरगा फरशा विकायला बसला आणि त्यात माझा काय दोष? 'तुम्ही सगळ्या मूग गिळून बसलात म्हणून तो खचला' म्हणतेस. आम्ही मूग गिळले नाहीत. तू कुणाला तोंड उघडू दिलं नाहीस.

त्याची दोन्ही पत्रं तू सोबत पाठवलीस ते बरं केलंस. ती मी तीनदा वाचली. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. तो शेवटाबद्दल विचारतोय. तू त्याला शेवटाबद्दल काय लिहिलंस? कारण तू तर मध्यंतरात उठलीस! 'चला गं, हे ऐकण्यापेक्षा बहिरेपण बरं' म्हणून हेडबाईंना दंडाला धरून ओढलंस, शिंपिणीचे पॉपकॉर्न तिच्या पदरात सांडले, आणि निघालीस फणकाऱ्याने. मी म्हटलं, माझा गुडघा धरलाय, मी नाही उठत. तू म्हणालीस, बस मग. मी बसले.

जन्मभर वर्गातून पळाले. सिस्टरने मला दांडी नाव ठेवलं ते उगाच नाही. एक गोष्ट शेवटपर्यंत बसून पाहिली, तर ती नेमकी हीच.

ऐक. शेवटी बोगदा कोसळतो. आत माणसं आहेत, आणि उल्कावीर छप्पर खांद्यावर धरून उभा राहतो. पाणी वर चढतं. तो मोठा श्वास घेतो आणि धरून ठेवतो. माणसं एकेक करून बाहेर पडतात. त्या सगळ्या वेळात एक शब्द नाही. संगीतही बंद. नुसता श्वास, गं. धरलेला, अडकलेला, मधेच चोरून घेतलेला. आणि त्याच्या खाली, छातीत खोल, बारीक शिट्टी.

ती शिट्टी मी ओळखत नाही होय? तुमच्या भिंतीला माझी भिंत होती. थंडीत तो पोरगा पाटावर बसून श्वासासाठी झगडायचा आणि छातीतून पिपाणी वाजल्यासारखा आवाज यायचा. नाव मीच ठेवलं त्याचं, विसरलीस? तो पडद्यावर श्वास ओढायला लागला आणि मी थिएटरात उभी राहिले. गुडघा कुठे गेला कळलं नाही. वाक्यं त्या नटाची असतील, मरण आपल्या पोराचं होतं. मला वाटतं सगळी आदळआपट, कण्हणं, धापा, सगळं त्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तुला सांगायला दारात आले होते. तू आतून ओरडलीस, "त्या सिनेमाचं नाव काढायचं असेल तर बाहेरूनच जा." मी बाहेरून गेले.

आता सांग, तू त्याला काय लिहिलंस?

दांडी


३ जून

पिपाणी,

हे पत्र बसून वाच. दुकानात असशील तर ज्या फरशीवरून कुणी घसरत नाही त्या फरशीवर बस.

मी खोटं लिहिलं. शेवट मी पाहिला नव्हता. मध्यंतरात उठून आले होते आणि हट्टाने तसंच लिहून टाकलं. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस.

काल दुपारी आम्ही तिघी परत गेलो. आता तो सिनेमा उतरायला आलाय, कोपऱ्यातल्या लहान पडद्यावर लावलाय, गारेगार हवा आणि तुरळक माणसं. रुमाल बांधले. शिंपिणीने पॉपकॉर्नवर झाकण घातलं. म्हणाली, "या वेळी तू उठलीस तर मी ओरडणार."

पहिल्यापासून मी डोळे मिटून ऐकलं. एक्स्चेंजमध्ये ऐकायचे तसं. तो बोलला की बिजागरी. पडला, आपटला, उठला, धापा टाकल्या, की तू. प्रत्येक वेळी तू. 'मार खाताना तेवढा बरा' असं मीच तुला लिहिलं होतं ना? माझे कान शाबूत होते, अक्कल रागात गेली होती. मला स्वतःचाच असा संताप आला की हेडबाईंनी हळूच विचारलं, "छातीत दुखतंय का?"

मग बोगदा आला. तू श्वास धरलास. मी डोळे उघडले, कारण मिटून ऐकवेना. पाणी चढत होतं आणि तू तो श्वास सोडत नव्हतास. मला पडदा दिसेना. मला तो पाट दिसत होता, वाफेचं पातेलं आणि तुझी काडीसारखी मान. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "सोड, राजा. सावकाश सोड. मी आहे."

अख्खं थिएटर वळलं. मागे एक पोरगा होता, तो म्हणाला, "आजी, पिक्चर आहे तो."

मी म्हटलं, "पिक्चर तुझा. पोरगा माझा. गप्प बस."

तो बसला. आणि तेव्हाच तू सोडलास. शिट्टी वाजली, बारीक होत गेली आणि थांबली. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण हेडबाई हे पत्र टपालात टाकायला नेणार आहेत आणि त्या उघडून खाली शेरा मारतील.

शेवटची नावं सरकायला लागली तेव्हा आम्ही उठलो नाही. जेवण पुरवणाऱ्यांची नावं आली. कुणाच्या कुत्र्याचे आभार आले. त्या नटाचं नाव दोनदा आलं, एकदा मोठ्या अक्षरात. तुझं आलं नाही. झाडूवाला येऊन पायाशी झाडायला लागला तरी मी बघत होते. पडदा काळा झाला आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली की ती अजून उतरलेली नाही.

तेव्हा आता ऐक. त्यांनी तुझं नाव गाळलं ही त्यांची नीचता. तू तोंड बंद ठेवायचं लिहून दिलंस हा तुझा बावळटपणा. पण एका म्हातारीच्या एका फणकाऱ्यावर तू इतक्या वर्षांचं काम टाकून फरशा विकायला बसलास, याला काय म्हणू? माझ्या कानांवर विश्वास आहे म्हणतोस. मग त्या मध्यंतरात उठलेल्या बाईवर कशाला ठेवलास? आता शेवटपर्यंत बसलेल्या बाईवर ठेव. ती सांगते, त्या सिनेमात एकच माणूस जिवंत होता आणि तो मरत होता.

कंपनीला पत्र लिहिलेलं नाही. तू विनवलंस म्हणून. मजकूर मात्र तोंडपाठ आहे.

दुकानातून उठ.

मावशी

(खाली हेडबाईंच्या अक्षरात : ही खूप रडली. मीही. त्या नटाबद्दलचं माझं मत मी मागे घेते.)


९ जून

मावशी,

पत्र दुकानातच मिळालं. फरशीवर बसूनच वाचलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, काय झालं?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत. ते म्हणाले, "इथे धूळ कुठे आहे, आत्ताच पुसलंय."

आता एवढं कळलंच आहे तर बाकीचंही सांगतो. त्या नटाने आदळआपटीचे आवाज काढायला नकार दिला. घसा बसतो, त्याचे नाटकाचे प्रयोग होते. मग त्यांनी मला बोलावलं. नाव मिळणार नाही हे आधीच सांगितलं होतं. मी का गेलो? उल्कावीर दुसऱ्या कुणाच्या छातीने मेला असता तर मला सहन झालं नसतं, म्हणून गेलो. तू याला कणा म्हणणार नाहीस. मी म्हणतो.

मार खाणं सोपं होतं. उशीवर बुक्क्या मारायच्या आणि कण्हायचं. तो शेवटचा श्वास जमेना. काम करून घेणाऱ्या बाई काचेपलीकडून सारख्या म्हणत होत्या, "सुंदर, पण खोटं." घामाघूम झालो. शेवटी म्हटलं, दिवे घालवा. डोळे मिटले आणि पाटावर बसलो. खरोखरचा पाट नव्हे, तुला कळलं असेल. पाठीवर तुझा हात ठेवला आणि तू 'सोड' म्हणायची वाट पाहिली. तू म्हणालीस तेव्हा सोडला. मग बाई म्हणाल्या, "झालं. घरी जा."

म्हणून मला फक्त तुझंच मत हवं होतं. त्यात तू होतीस.

तू थिएटरात मोठ्याने म्हणालीस ते वाचून मला हसू आलं आणि ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू बरोबर तिथेच म्हणालीस, मावशी. अगदी तिथेच.

दुकान सोडलं. सासऱ्यांना हायसं वाटलं. मी गिऱ्हाइकांना फरशी दाखवताना फार गंभीर आवाजात बोलतो, लोक घाबरून दुसऱ्या दुकानात जातात असं त्यांचं म्हणणं होतं. स्टुडिओत फोन केला. माझा निरोप कुणी घेतलाच नव्हता, कागद तसाच टेबलावर पडला होता. पुढच्या महिन्यात एक काम आहे. लहान मुलांचा चित्रपट आहे, त्यात म्हातारा बैल आहे. वाक्यं फारशी नाहीत. पण नाव येणार आहे, मी आधीच विचारून घेतलं. विचारताना आवाज थोडा कापला, पण विचारलं.

पिपाणी


१३ जून

पिपाणी,

बैल!

जगाचं रक्षण करणारा माणूस त्यांनी बैल करून ठेवला आणि तू मला हे आनंदाने कळवतोस. माझा राग उतरेल असं वाटलं असेल तर चुकतोयस. तो त्या कंपनीवर आहे, त्या नटाच्या खांद्यावरच्या हातावर आहे, त्या सरकत्या नावांवर आहे, आणि तो मी सोबत घेऊनच जाणार आहे. तू आवाज कापत का होईना विचारलंस, त्याचे मार्क दिले. पूर्ण नाही दिले.

दांडी परवा आली. गुडघा बरा आहे. शेवटपर्यंत बसल्याचा तिला इतका गर्व झालाय की विचारू नकोस. शिंपीण विचारतेय, बैलाचा रंग कोणता. पांढरा असेल तर तिला आत्ताच कळव, मळखाऊ कापड शोधावं लागेल.

तारीख लागली की सांग. आम्ही चौघी येऊ. आणि तुझं नाव वर सरकून जाईपर्यंत कुणी जागचं हललं तर माझ्याशी गाठ आहे.

मावशी